मावशी पॉइंट

आवळघरची गिरणी बंद पडली तेव्हा गोजरची लेक सोनाली चौथीत होती. गिरणी कापडाची. मुरबाडहून धसईकडे जाताना डाव्या हाताला तिची चिमणी अजून दिसते. गोजरचा नवरा मंगळू रंगखात्यात कामाला होता. पाळी संपवून घरी यायचा तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत निळे असायचे, आणि ते निळे हात घेऊनच तो भाकरीला बसायचा. गिरणी गेल्यावर वर्षभराने हात धुऊन निघाले. त्याच्याबरोबरचे बरेचजण कल्याण-भिवंडीकडे गेले. मंगळू गेला नाही. वाडीमागे भाताचा तुकडा होता, त्यावर उतरला.

मालक गेले, यंत्रं भंगारात गेली. राहिली ती चिमणी, टेकडीवरचा मालकाचा बंगला आणि नदीवरचा बंधारा. हा बंधारा गिरणीने पाण्यासाठी बांधलेला. पावसाळ्यात तो सबंध रुंदीने भरून वाहतो आणि पाणी खालच्या सपाट कातळावर कोसळतं. वाडीतल्या बायका त्या कातळावर धुणी धुवायच्या. घाटावर जोराचा पाऊस झाला की खाली ऊन असतानाही नदी फुगायची. तेव्हा गिरणीचा रखवालदार भोंगा दोनदा तोडून वाजवायचा आणि बायका पिळे उचलून वर यायच्या. पुढे भोंगा राहिला नाही, पण बायकांना नदी कळायची. अडलं नाही काही.

मग लोक यायला लागले. आधी माळशेजला निघालेले आणि वाटेत पोलिसांनी परतवलेले चारदोन जण बंधारा बघून थांबले. त्यांनी फोटो टाकले. पुढच्या पावसाळ्यात रविवारी रस्त्याच्या कडेला गाड्या लागल्या. मंगळूचा पुतण्या पंकज बारावी होऊन मुरबाडच्या एका कंपनीत कंत्राटावर होता आणि तिथून कमी झाला होता. त्याने डोकं चालवलं. बंगल्याच्या आवारात तंबू लावले, पत्र्याच्या पाट्या रंगवल्या. चिमणी पॉइंट, बंगला पॉइंट, बंधारा पॉइंट. गोजरने बंधाऱ्याच्या तोंडाशी ताडपत्री बांधून चूल मांडली. चहा, कांदाभजी, उकडलेल्या शेंगा. मंगळू हात हलवून गाड्या लावायचा. कुणी शेजारणीने मक्याची कणसं भाजायला घेतली, कुणी पेरूच्या फोडी मीठमसाला लावून विकायला बसली. गोजरला हे सगळं आवडायला लागलं होतं. एरवी परक्या माणसाशी बोलायला लाजणारी ती, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला गाव विचारायची.

पंकजची आई धोंडी म्हणजे गोजरची मोठी जाऊ. एकदा कातळावर कपडे धूत असताना धोंडीच्या चवड्यात बाटलीची काच गेली. तिला साखरेचा आजार. जखम चिघळली, पाय काळा पडत गेला, आणि शेवटी दोन बोटं काढावी लागली. दवाखान्यातून ती घरी आली त्यानंतरच्याच रविवारची गोष्ट. गोजर भजी तळत होती. खाली कातळावर पाचसहा पोरांचं टोळकं होतं. त्यातल्या एकाने रिकामी बाटली उंच धरली आणि दगडावर सोडली. रागाने नाही की भांडणात नाही. कशी फुटते ते बघायला.

गोजर हातातला झारा तसाच घेऊन खाली उतरली. त्या पोरासमोर उभी राहिली. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता.

"उचल," ती म्हणाली.

तो हसला.

"उचल बोलते ना. माज्या जावंचा पाय गेला ह्या काचंनी. तुला काय, तू घरी जाशील, बूट काडशील न् झोपशील. आमी हितं उघड्या पायांनी हिंडतो. तुला जनून तुजी आय दमली, आता तुजा कचरा उचलून आमी दमू का रे? आमी दमू का?"

आवाज बंधाऱ्याच्या पाण्यावरून गेला. पोराने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि खाली वाकून एकेक काच उचलली. गोजर वर आली तेव्हा कढईतली भजी करपून काळी झाली होती.

ते कुणीतरी फोनमध्ये घेतलं होतं. चार दिवसांनी पंकज धावत घरी आला. "काकी, तू फेमस झालीस," म्हणाला आणि त्याने तिला तिचंच तोंड दाखवलं. झारा धरलेली, पदर खोचलेली, कपाळावर केस आलेले. गोजरला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. मग हसू आलं. मंगळूने तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला.

पुढच्या रविवारी गाड्या रस्त्यापलीकडच्या शेतापर्यंत लागल्या. लोक चुलीपाशी येऊन म्हणायचे, "मावशी, तुम्हीच ना त्या? बोला ना एकदा." तिला कळेना काय बोलायचं. पण खरं सांगायचं तर सुरुवातीला तिला बरं वाटलं. ठाण्याची एक शिक्षिका तिच्या पाया पडली. एक बाई म्हणाली, मावशी, तुमचं ऐकून माझ्या मुलाने गाडीत पिशवी ठेवायला सुरुवात केली. कातळ खरोखरच स्वच्छ राहायला लागला. धोंडी लंगडत खाली जाऊन बघून आली आणि म्हणाली, "तुज्या तोंडाला देव पावला गो."

पण लोकांना स्वच्छ कातळ बघायचा नव्हता. त्यांना गोजर चिडलेली बघायची होती. पंकजने नवी पाटी रंगवली, मावशी पॉइंट, आणि चुलीशेजारी रोवली. फोनच्या नकाशावरही टाकली. मुरबाडच्या नाक्यावर सहाआसनीवाले तेच नाव ओरडून शिटा भरायला लागले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक घोळका हटला की दुसरा. झारा हातात हवाच. भज्यांचं पीठ कालवत असताना, घास तोंडात असताना, लघवीला जाऊन येताना. "मावशी, आमी दमू का रे, एकदा, एकदाच." तिने हसून म्हटलं तर त्यांचं समाधान होत नसे. "तसं नाही मावशी, नीट चिडा ना." लहान पोरंसुद्धा तिला बघितलं की कमरेवर हात ठेवून तेच वाक्य म्हणायची आणि आईबाप टाळ्या वाजवायचे.

मग काही जणांनी युक्ती काढली. फोन सुरू करायचा आणि तिच्यासमोर मुद्दाम वेफर्सचं पाकीट खाली टाकायचं. ती चिडली की हसायचं. पाकीट तिथंच. संध्याकाळी लोक गेल्यावर गोजर आणि धोंडी पोतं घेऊन कातळावर फिरायच्या. पूर्वी एक पोतं व्हायचं, आता दोन भरत.

एका रविवारी तिला ताप होता, ती घरीच पडून राहिली. दुपारपर्यंत लोकांनी वाट बघितली आणि गाड्या वळवल्या. त्या दिवशी कणसं उरली, पेरू उरले, तंबू रिकामे राहिले. दिवेलागणीला वाडीतल्या चारपाच जणी तिच्या दारात येऊन बसल्या. कुणी काही वावगं बोललं नाही. एकीने मिऱ्याचा काढा आणला होता. "लवकर बरी हो गो," म्हणाल्या आणि बसून राहिल्या. त्या गेल्यावर गोजर पडल्यापडल्या छपराकडे बघत राहिली. त्यांच्यापैकी कुणी हात धरून ओढलं असतं तर तिला झटकता आलं असतं. काढ्याचं ती काय करणार?

पुढच्या रविवारी अंगात कसर असतानाच ती चुलीपाशी गेली.

आणखी एक गोष्ट झाली, ती मात्र तिने कुणाला सांगितली नाही. तिला राग येईनासा झाला. आश्विनात रानडुकरांनी भाताचा अर्धा तुकडा लोळवला. सकाळी ती बांधावर उभी राहिली. एरवी तिने डुकरांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. तोंड उघडलं तर तेच वाक्य बाहेर आलं, त्याच सुरात, झारा धरावा तसा हात वर करून. मंगळू खो खो हसला. "आता डुकरांना पन फोटो देतंस काय?" म्हणाला. गोजर हात खाली घेऊन नुसती उभी राहिली. आत काहीच नव्हतं. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो कोरडाच वर यावा, तसं झालं तिला.

उंबरमाळीला तिचं माहेर. तिथं भाऊ वारला, दहाव्याला ती गेली. ओटीवर बायका बसल्या होत्या. रडणं ओसरल्यावर चुलतभावाची सून तिच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, राग नका मानू. माज्या बहिणीला फोटो पाठवायचा हाय. बोलू नका काय, नुसता हात वर करा." गोजरने हात वर केला. न केला असता तर तिथं बोलावं लागलं असतं.

सोनालीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. आसनगावला दिलेली. जावई जगदीश गोदामात कामाला. पुढच्या पावसाळ्यात सोनालीला दिवस भरत आले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण पावसात वाडीतून दवाखाना गाठायचा म्हणजे जिवाशी खेळ. तेव्हा असं ठरलं की गोजरनेच आसनगावला जाऊन महिनाभर राहायचं. तिने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. हळीव, डिंक, खसखस आणून डब्यात भरली. आषाढातच जायचं होतं. पण पंकज म्हणाला, "काकी, ऑगस्टचे रविवार होऊन जाऊ दे. वर्षाचा सगळा धंदा त्याच्यावर असतो." वाडी त्याच्या मागे उभी होती, हे त्याने म्हणायचीही गरज नव्हती. पंधरा ऑगस्टची सुट्टी आणि त्यानंतरचा रविवार एवढा काढायचा, सोमवारी सकाळच्या एसटीने निघायचं, असं गोजरने सांगून टाकलं.

शनिवारी सोनालीचा फोन आला. "येशील ना गो नक्की? का तिकडं चिडायला लागंल?"

"येते," गोजर म्हणाली. "पिशवी भरून ठेवलीय."

"सासूबाई पन विचारत होत्या. बोलल्या, आईला सांग, आमच्या मंडळातल्या बायकांना भेटायचंय तिला."

गोजरने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "पानी तापवून पीत जा."

रविवारी सकाळपासून उघडीप होती. आठवडाभर कोसळून पाऊस थकला होता, आणि ऊन पडल्याबरोबर शहरातून माणसं सुटली. बंधाऱ्यावरून पाणी पांढरं होऊन पडत होतं. खालच्या कातळावर माणसांची दाटी होती. कुणी धारेखाली बसलेलं, कुणी पोरांना खांद्यावर घेतलेलं. घाटाच्या अंगाला मात्र काळं होतं. डोंगराच्या कडा दिसत नव्हत्या. गोजरने ते दोनदा बघितलं. मंगळू गाड्यांच्या रांगेतून येऊन चहा घेत होता, त्यानेही बघितलं.

"वर पडतोय," तो म्हणाला.

"पडतोय."

दुपार कलायला लागली तेव्हा बंधाऱ्यावरून येणाऱ्या पाण्यात तिला सागाची पानं दिसली. हिरवी, ताजी तुटलेली. मग काटक्या. मग पाण्याचा रंग बदलला, दुधात चहा पडावा तसा. गोजरने कढई चुलीवरून उतरवली आणि कठड्यापाशी जाऊन ओरडली.

"ए, वर या. सगळी वर या. पानी येतंय."

खालच्या लोकांनी माना वर केल्या. ती तिथं उभी होती, पदर खोचलेली, हातात झारा. तो ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. खाली एकदम गलका उठला. "मावशी, मावशी!" फोन वर झाले. धारेखाली दोन तरुण आणि एक मुलगी होती, त्यातल्या एकाने दोन्ही हातांचा कर्णा केला आणि ओरडून विचारलं, "मावशी, आमी दमू का रे?" आणि सगळा कातळ हसला.

"अरे नदी फुगली रे. पोरांना उचला. निघा तिथून."

"अजून जोरात, मावशी. आवाज येत नाही."

तिने आवाज चढवला. जितका चढवला तितके ते हसले. तिला कळत होतं काय होतंय. दुसरं काय बोलायचं ते मात्र कळत नव्हतं. तिच्या गळ्यात एवढाच आवाज होता, आणि तो त्यांनी आधीच ऐकलेला होता. तिने झारा टाकला आणि पायऱ्यांवरून खाली उतरली. आता ती काहीच बोलत नव्हती. समोर एक बाप लेकराला खांद्यावर घेऊन उभा होता. तिने लेकरू ओढून घेतलं आणि त्याच्या आईच्या अंगावर टाकलं, आईला पाठीत रट्टा घालून पायऱ्यांकडे ढकललं. बाप भांडायला वळला आणि तिचं तोंड बघून थांबला. मग तोही निघाला. त्याला बघून बाकीचे निघाले. कुणी हसत, कुणी कुरकुरत, पण निघाले. पाणी घोट्याला होतं ते पिंढरीला लागत होतं.

धारेखालचे तिघे राहिले. गोजर पाण्यातून त्यांच्यापर्यंत गेली आणि मुलीचं मनगट धरलं. ती मुलगी अजून हसतच होती. मग तिने गोजरच्या खांद्यावरून वर बघितलं आणि तिचं हसू गेलं. बंधाऱ्यावरून पाणी आता पांढरं येत नव्हतं. तांबडी भिंत येत होती. गोजरने तिला फरफटत कडेला आणलं. ती वळली तेव्हा मंगळू तिच्या बाजूने पाण्यात गेलेला होता.

तो त्या दोघांपाशी पोचला आणि पाणी पोचलं. बंधाऱ्याच्या बाजूच्या भिंतीत गिरणीच्या वेळच्या लोखंडी दाराची चौकट आहे. मंगळूने दोघांना त्या चौकटीत कोंबलं आणि स्वतः बाहेरून गज धरून उभा राहिला. पाणी त्याच्या छातीवर होतं. कडेवरून पंकज तंबूंचे दोर एकमेकांना बांधत होता. त्याचे हात चालत नव्हते, धोंडी त्याला शिव्या घालत होती. तेवढ्यात वरून एक ओंडका आला. गोजरला तो दिसला. मंगळूला दिसत नव्हता, त्याची पाठ होती. ती ओरडली. त्या आवाजाला कुणी हसलं नाही, पण पाण्याच्या आवाजात तो कुणाला ऐकूही गेला नाही.

दोर त्यांच्यापर्यंत पोचला. दोघं तरुण एकेक करून बाहेर आले. मंगळू शेवटी आला, आणि तो चालत आला नाही.

त्याच तरुणांच्या गाडीतून त्याला मुरबाडला नेलं, तिथून कल्याणला. कर्णा करून ओरडणारा तरुण गाडी चालवत होता. धनेश त्याचं नाव. वाटेत त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. "मावशी, आम्हाला वाटलं तुम्ही नेहमीचंच..." म्हणाला. मागच्या सीटवर गोजर मंगळूचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "गाडी चालव."

ओंडक्याने गुडघ्याचा चुरा केला होता. डॉक्टरांनी सळई घातली, पाय वाचला असं सांगितलं. दोन दिवसांनी मंगळू नीट शुद्धीवर आला. गोजर खाटेशी खाली बसली होती.

"तू कशाला गेलास आत?" तिने विचारलं.

"तू गेलीस म्हनून."

तिने मान खाली घातली. तोच म्हणाला, "त्या पोरांवर राग नको धरू. त्यांना काय कळनार."

"राग कुठला आता," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात शहापूरच्या दवाखान्यात सोनाली बाळंत झाली. मुलगी झाली. जगदीशचा फोन आला तेव्हा गोजर कल्याणच्या दवाखान्याच्या जिन्यात डबा धूत होती. फोनवर मागे बाळ रडत होतं. सोनालीच्या हातात फोन दिला तर ती पहिलं वाक्य बोलली, "बाबा बरे हायेत ना?" पिशवी वाडीतच राहिली होती. पंधरवड्याने पंकज ती आसनगावला पोचवून आला.

मंगळू घरी आला तो काठी घेऊन. गुडघा वाकत नाही. चिखलात उतरणं संपलं, गाड्यांपाशी उभं राहणंही संपलं. वाडीने त्यांचं भात कापून दिलं. धनेश एकदा फळं घेऊन आला. ओटीवर अवघडून बसला आणि निघताना दारातल्या दारात एकदा वळून बघून गेला. नंतर एकदोनदा फोन आले, मग थांबले.

त्या दिवशीचंही कुणीतरी घेतलं होतं. गोजर ओरडतेय, लोक हसतायत, मागून तांबडं पाणी येतंय. ते पहिल्यापेक्षा जास्त फिरलं. चॅनेलचा एक माणूस येऊन विचारून गेला, तुम्हाला काय वाटलं त्या क्षणी? गोजर म्हणाली, "पानी दिसला, बोलले." त्याने आणखी थोडं रागाने सांगता येईल का विचारलं. तिने चुलीत लाकूड सारलं.

सरकारने पावसाळ्यात बंधाऱ्यावर उतरायला बंदी घातली. कातळाकडच्या पायऱ्यांवर काटेरी तार आली, रविवारी एक पोलीस बसायला लागला. पंकजला वाटलं आता संपलं सगळं. त्याने स्वतः मावशी पॉइंटची पाटी उपटली आणि गिरणीच्या गवतात फेकून दिली. नकाशावरचं नावही काढायला गेला. काढलं की दोन दिवसांत दुसरंच कुणीतरी परत टाकायचं. लोक येतच राहिले. कातळावर जाता येत नाही, तर मग ते सरळ चुलीपाशी येत.

गोजरने पंकजला सांगितलं, "मी बोलनार नाय आता. काय पन झाला तरी."

पंकज भांडला नाही. त्याचाही चेहरा उतरला होता. "नको बोलू काकी," म्हणाला. "नुसती बस."

नुसतं बसायलाही तिला नको होतं. दोन रविवार धोंडी चुलीवर बसली. लोक यायचे, धोंडीकडे बघायचे, विचारायचे, मावशी कुठायत? ह्या नव्हेत. आणि निघून जायचे. तिसऱ्या रविवारी सकाळी मंगळू ओटीवर बसून पायाला तेल चोळत होता. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. गोजरने बेसनाचा डबा काखेत घेतला आणि ती खाली निघाली. थोड्या अंतराने मागून काठीचा आवाज यायला लागला. त्याला घरी एकट्याला बसवत नव्हतं.

आता ती बोलत नाही. कढईकडे बघते, पैसे घेते, सुटे देते. लोक फोन धरून उभे राहतात. "मावशी रुसल्यात," म्हणतात. एखादा तिला बोलतं करायची पैज लावतो. एखादी बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणते, मावशी, तुम्ही खूप केलंत हो, आणि ते म्हणतानाही तिच्या मैत्रिणीचा फोन सुरू असतो. मंगळू ताडपत्रीच्या मागे खाटेवर पाय लांब करून पडलेला असतो. तिथून त्याला नदी दिसत नाही, गाड्या दिसतात. कुणी वाकडी लावली की तो पडल्यापडल्या हात हलवतो.

दिवाळीनंतर सोनाली बाळ घेऊन आली. पोरगी अडीच महिन्यांची झाली होती, मान धरायला लागली होती. वार रविवारच होता, जगदीशला सुट्टी तेवढीच. गोजरने हात पदराला पुसले, बाळाला घेतलं आणि ताडपत्रीच्या मागे खाटेच्या कडेला बसली. मंगळूने काठीच्या टोकाला बांधलेली चिंधी बाळापुढे हलवली. बाळ चिंधीकडे बघायला लागलं. सोनाली आईच्या खांद्याला लागून उभी होती.

"आई, तू चल ना आता थोडे दिवस. बाबांना पन घेऊन. जगदीश बोललेत."

"येईन."

"कधी?"

गोजर बाळाच्या मुठीतून आपलं बोट सोडवत होती. मूठ घट्ट होती. "हा गर्दीचा टाइम जाऊ दे," ती म्हणाली.

"गर्दी आता बारा महिने असते इथं," सोनाली म्हणाली.

ताडपत्रीच्या पलीकडे गाडीची दारं वाजली, पावलं आली. "अरे, कोणीच नाहीये," एक आवाज म्हणाला. "हेच ना ते? मावशी? ओ मावशी?" ताडपत्रीच्या फटीतून एक फोन आत डोकावला. गोजरने बाळाचं तोंड पदराने झाकलं आणि पाठ वळवून बसली. बाळ पदरात चुळबुळ करत होतं. तिने त्याला छातीशी धरलं, उबदार, दुधाच्या वासाचं, आणि डोळे मिटले. तिला तिथून हलायचं नव्हतं.

तेल तापून धुरायला लागलं होतं. वास मंगळूला आला, सोनालीलाही आला. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. गोजरने बाळ सोनालीच्या हातात दिलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि झारा शोधायला लागली.